ज्या वर्षी त्याने गाणं सोडलं

इथे आखातात हमरस्त्याच्या दुभाजकावरची पेटुनियाची रोपं उपटायला माणसं आली की बोर्डाची परीक्षा आली असं समजायचं. हिवाळाभर विमानतळापासून सीबपर्यंत ही फुलं नुसती सांडलेली असतात, जांभळी, पांढरी, गुलाबी. मग मार्चमधल्या एका सकाळी ऑफिसला निघावं तर अर्धा पट्टा उघडा पडलेला असतो, माती उकरलेली, आणि उरलेल्या फुलांवर धूळ. त्याच आठवड्यात घरातला एसी पहिल्यांदा लावला जातो आणि त्यातून गेल्या वर्षीचा वास येतो. शाळेच्या बसेस भलत्याच वेळी मुलांना सोडून जातात. पॅड आणि पारदर्शक पाऊच घेतलेली ती मुलं तिथेच उन्हात उभी राहून उत्तरं ताडून बघतात.

आमच्या वरच्या मजल्यावरची दहावीतली मुलगी परवा जिन्यात भेटली. चेहरा असा की पेपर अवघड गेला असणार. मी विचारलं तर म्हणाली, "पेपर ठीक होता, दीदी. पण तो आता सिरियलमध्ये काम करणार आहे. गाणं बंद." तो म्हणजे तिचा आवडता कोरियन गायक. त्याचा फोटो तिने पाऊचच्या आत ठेवला होता, पेनांच्या मागे. मी मोठ्या माणसासारखं "अभ्यास कर" म्हणाले आणि घरात आले. दार लावल्यावर वाईट वाटलं. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण मला बोलायला वेळेवर येत नाही, नंतर येतं. हे असं नंतरचं आहे.

दहावीत माझाही एक होता. त्याचं नाव इथे लिहिणार नाही. तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं. पाच कोरियन मुलांचा गाण्याचा गट होता आणि त्यातला सगळ्यात वरचा सूर त्याचा. आमच्या इमारतीत तळमजल्यावर पार्लर होतं, तिथली लिझेल नावाची फिलिपिनो मुलगी आमच्याच चर्चला यायची. तिने एकदा माझे केस कापता कापता तो गट लावला आणि आरशात माझ्याकडे बघून हसली. पुढच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिने माझ्या हातात एक सीडी ठेवली. वर हिरव्या मार्करने फक्त एक फूल काढलेलं. त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता आणि मला त्याचंच बरं वाटायचं. शाळेत आम्ही इंग्रजी बोलायचो, घरी मराठी, बसमध्ये हिंदी, आणि या तिन्हीत मी अडखळायचे. त्याच्या भाषेत मला काही यायला नको होतं, म्हणून तिथे अडखळण्याचा प्रश्न नव्हता.

आमच्या घरात खरं गाणारी मम्मी. आम्ही वसईचे, डॅडी गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये स्टोअरकीपर होते, आणि मम्मी सीबच्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. पण गाला भागातल्या चर्चमध्ये जमणाऱ्या मराठी माणसांना ती रिसेप्शनिस्ट म्हणून ठाऊक नव्हती. महिन्यातून एकदा मराठी मिस्सा व्हायची, तिथे गीत ती उचलायची. 'उचलणं' हा त्यांचाच शब्द. बाकीचे तिच्यामागून यायचे. हातात जुनी गीतांची वही, कडा तेलकट झालेली, आणि त्या वहीकडे ती कधीही बघायची नाही. मी कॉयरच्या शेवटच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवायचे. तिच्या आवाजाच्या आडोशाला असं राहता येत होतं.

त्या वर्षी नाताळच्या आधी मम्मीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती, निघाली, वाईट काही नव्हतं. सगळे म्हणाले देवाची कृपा. पण आवाजाच्या नसेला धक्का बसला होता. कधी येईल आवाज, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, महिने लागतील, कदाचित पूर्वीसारखा येणार नाही. शेवटी त्यांनीही "इन्शाल्ला" म्हटलं, आणि डॅडी बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टरने इन्शाल्ला म्हटलं की मला भीती वाटते."

तिचा जो आवाज आता निघायचा तो खालचा, खरखरीत होता, आणि मधूनच नुसती हवा. क्लिनिकमध्ये फोन उचलला की पलीकडची माणसं तिला "सर" म्हणायची. पहिल्या दिवशी तिने ते घरी येऊन हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी हसली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिला फोनवरून काढून फायलींवर बसवलं. त्यानंतर ती घरीही बोलेनाशी झाली. जेवायला बोलवायचं तर टेबलावर चमचा आपटायची. कॉयरला तर गेलीच नाही. शुक्रवारी मिस्साला आम्ही बसायचो ते बाजूच्या बाकावर, पंख्याखाली, आणि गीत सुरू झालं की ती पर्समध्ये काहीतरी शोधायची.

मग राखेचा बुधवार आला. आमच्यात उपवासकाळाचे चाळीस दिवस प्रत्येकजण आपल्या आवडीचं एक काहीतरी सोडतो. डॅडी बिअर सोडायचे, मम्मी दरवर्षी चहा, मी चॉकलेट. कपाळावर राख घेऊन घरी आलो आणि डॅडींनी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवत विचारलं, "फिलू, तुझा चहा बंद ना आजपासून?"

मम्मीने गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. म्हणाली, "यंदा मी काही सोडणार नाही. माझं आधीच घेतलंय."

एवढं लांब वाक्य ती बऱ्याच दिवसांनी बोलली होती.  डॅडींनी दोन कप काढले.

मी माझ्या खोलीत गेले आणि तिथे ठरवलं. चॉकलेट वगैरे क्षुल्लक होतं. मी त्याची गाणी सोडते. चाळीस दिवस एकही सूर ऐकणार नाही, आणि त्याबदली मम्मीचा आवाज परत यावा. मी पंधरा वर्षांची होते, पाढे पाठ असल्यासारखी मला ही देवघेव ठाऊक होती. हिरव्या फुलाची सीडी मी भूमितीच्या जुन्या वहीत घालून कपाटावर टाकली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर त्याचं बळ जातं, असंही मीच ठरवलं होतं.

आठवडाभराने लिझेल जिन्याशी भेटली. हातात केसांच्या रंगाचा वाडगा, चेहरा पडलेला. "ऐकलंस? तो केव्हाच अ‍ॅक्टर झाला. गट सुटला." मग तिच्या भाषेतलं ती नेहमी वापरायची ते "सायांग" म्हणाली. फुकट गेलं, असं काहीतरी. "आणि अ‍ॅक्टिंग कसली, लाकूड आहे लाकूड. सगळे हसतायत." तिच्या मैत्रिणींनी तिला घरून कळवलं होतं. त्याची ती मालिका अरबी करून इथल्या एका चॅनेलवर रोज चार वाजता लागते, हेही तिनेच सांगितलं. "मी तर नाही बघणार," म्हणाली.

मला राग आला होता. मी त्याला चाळीस दिवसांसाठी सोडलं होतं, त्याने मला न विचारता कायमचं सोडलं. पण दुसऱ्याच दिवशी चार वाजता मी टीव्ही लावला. व्रत गाण्याचं होतं, बघण्याचं नव्हतं, अशी मी मनात फट काढली. शिवाय आवाज त्याचा नव्हताच. तोंड त्याचं हलत होतं आणि आतून कुणी दुसराच माणूस शुद्ध, पुस्तकी अरबीत बोलत होता, जी सीबच्या बाजारात कुणी बोलत नाही. जगातला मला आवडणारा एकच आवाज, आणि तोच काढून घेऊन त्याला पडद्यावर उभं केलेलं.

मम्मीच्या क्लिनिकच्या दोन पाळ्या, मधे एक ते पाच ती घरी. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. मांडीवर सुकटीचं ताट, निवडायला.

"हा कोण?" तिने विचारलं.

"असाच."

"बातम्या देतोय असा बोलतो."

मला हसू आलं. मालिका एका बेटावरच्या शाळेत आलेल्या नव्या मास्तरची होती. मला शाळेतलं अरबी जेमतेम येत होतं, मम्मीला बाजारातलं. तरी चौथ्या दिवशी ती मलाच गोष्ट सांगू लागली.

"ही त्याची सख्खी आई नाही."

"तुला काय माहीत? तुला कळतं का ते काय बोलतात?"

"ताट कसं ठेवलं ते कळतं ना."

आणि तसंच निघालं. बाईंनी त्याला फक्त वाढवलं होतं. मम्मी काही मिनिटं मोठ्या ऐटीत सुकट निवडत राहिली.

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या पाऊण तासातच आमच्या घरात बोलणं परत आलं. एरवी तिला तिचा आवाज कुणाला ऐकवायचा नव्हता. पण पडद्यावर एक माणूस परक्याच्या आवाजात बोलत होता आणि त्याची कुणाला लाज वाटत नव्हती, म्हणून की काय, ती खरखरत, मधेच हवेत जात, बोलत राहायची. मी समोर इतिहासाचं पुस्तक उघडं धरून बसायचे. खिडकी उघडी असायची, मासळीबाजाराकडून वारा यायचा, आणि मम्मी म्हणायची, "या पोराला हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. बघ. खिशात, मग पाठीमागे, मग परत खिशात."

असं का, ते मला माहीत होतं. इतकी वर्षं त्या हातात माईक होता. पण मी सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो एका लहान मुलाची पेन्सिल तासून देताना दाखवला होता. बराच वेळ, काही न बोलता. मम्मी पुढे सरकून बसली. "आता बरं करतो," म्हणाली. मग जरा वेळाने, "शिकतोय."

त्याच सुमारास इनास अंकल घरी आले. मराठी कॉयर तेच बघायचे. डॅडींचे गावाकडचे शेजारी. त्यांचं काम एवढंच होतं की गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचतात, त्यात निवेदकाचं वाचन मम्मीने करावं. तो वृत्तांत भूमिका वाटून वाचायचा असतो. कुणी येशूचं वाचतं, कुणी निवाडा देणाऱ्या पिलाताचं, जमावाचं सगळे मिळून. निवेदकाचा वाटा सर्वांत मोठा.

"इनासभाऊ," मम्मी म्हणाली, "गाता येत नाही म्हणून वाचायला बसवताय?"

"तसं नाही गं, फिलू."

"मग कसं?"

"वाचायला माणूस नाही."

"तुम्ही वाचा."

"माझं मराठी ऐकून फादर झोपतात."

 डॅडी म्हणाले, "चहा घ्या, इनासभाऊ."

"उपवासकाळात मी चहा सोडलाय."

"मग सरबत."

"साखर पण."

डॅडींनी त्यांना पाणी दिलं. ते पाणी पिऊन ते गेले. दार लावल्यावर मम्मी म्हणाली, "उरलेलं काम देतात," आणि पाळीवर निघून गेली. मला तेव्हा लिझेलचा 'सायांग' शब्द आठवला, आणि लिझेलचा राग आला.

मग तो भाग लागला. दुसऱ्या दिवशी माझा समाजशास्त्राचा पेपर होता. मास्तर रिकाम्या वर्गात जुन्या बाजाच्या पेटीशी बसतो. मला वाटलं आता तो अरबी माणूस काहीतरी बोलेल. पण गाण्याला त्यांनी हात लावला नव्हता. अरबीतून अचानक त्याचा आवाज निघाला, त्याचा स्वतःचा, त्याच्या भाषेत, खालच्या सुरात, सीडीवर कधी नव्हता इतका जवळ. मी कानांवर हात ठेवले. मम्मीने माझ्याकडे पाहिलं.

रिमोट माझ्या मांडीवर होता. टीव्ही बंद करायला एक बोट पुरलं असतं. मी कानांवरचे हात काढले आणि गाणं संपेपर्यंत ऐकलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे कबूल केलं तेव्हा मम्मीलाही मी "ऐकू आलं" एवढंच सांगितलं, "ऐकलं" असं नाही.

त्यानंतर चार दिवसांनी मम्मीची तपासणी होती. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून आम्हाला टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं आणि म्हणाले, आवाजाची एका बाजूची पट्टी अजून हलत नाही. आवाज पुष्कळ सुधारेल, पण गाण्याचा वरचा सूर आता धरू नका. गाडीत डॅडी रस्ताभर काहीतरी बोलत होते, मवालेच्या मंडईत कैऱ्या आल्यात, एक पेटी घेऊ. मम्मी खिडकीतून बाहेर बघत होती. मागच्या सीटवर मी होते. मला नेमकं ठाऊक होतं ही पट्टी का हलत नाही ते.

दोन दिवस मी जेवले नाही म्हणायला हरकत नाही. गणिताचा पेपर कसा दिला आठवत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मम्मी स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगांच्या शिरा काढत होती, आणि मी दारात उभी राहून, भिंतीकडे बघत, सगळं सांगितलं. अर्धं इंग्रजीत. सीडी, बुधवार, चाळीस दिवस, पेटी.

ती हातातली शेंग तशीच धरून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझा आवाज त्या पोराच्या गळ्यात अडकला होता होय?"

आणि हसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा अशी हसली. तो आवाज भयंकर होता, किटलीच्या झाकणासारखा, आणि थांबेना. मला रडू फुटलं. तिने ओल्या हाताने माझं डोकं ओढून खांद्याशी घेतलं. "वेडी आहेस तू, बाय. अगं, डॉक्टरने पट्टी दाखवली ना टीव्हीवर. तुला दिसलं नाही? नस दुखावलीये तिथली. तिला काय माहीत तू काय ऐकतेस."

मग माझं डोकं सोडून म्हणाली, "पण माझ्यासाठी सोडलंस?"

मी मान हलवली.

"कसा गातो? आण ती सीडी."

"अजून उपवासकाळ आहे."

"मोडलाय ना आता? आण."

टेबलावरच्या प्लेअरला आम्ही सीडी लावली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं ती म्हणेल गोड आहे. ती डोळे मिटून ऐकत होती, गायक माणूस दुसऱ्याला ऐकतो तसं, गोडपणा बाजूला ठेवून. मला सगळ्यात आवडणारा उंच सूर आला तिथे तिने भुवया आकसल्या. "परत लाव." परत लावलं. "इथे बघ. तो चढत नाहीये, ढकलतोय. श्वास संपलाय आणि तरी ढकलतोय." तिने स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. "दमलाय गं हा. असं गात राहिला असता तर दोन वर्षांत गेला असता आवाज. बरं केलं, उतरला."

हे खरं होतं की नाही मला माहीत नाही. त्याने पैशांसाठी गाणं सोडलं असेल, कंटाळून सोडलं असेल. पण ज्या गाण्यात मी वर्षभर आनंद ऐकत होते त्यात कष्ट ऐकू येतात हे मला तिने दाखवलं, आणि तेव्हापासून मला तो जास्तच आवडू लागला. पेटीवरचं ते गाणं खालच्या सुरात का होतं तेही कळलं. खाली त्याला श्वास पुरत होता.

मम्मीने प्लेअर बंद केला. हात पुसले. फोन उचलला आणि स्वतः नंबर लावला. "इनासभाऊ. हो, मीच. सर नाही, फिलू बोलतेय. माणूस मिळाला का? ... मग नका शोधू."

पुढचे दहा दिवस घरात पेन्सिल फिरत होती. मी विज्ञान करत असायचे आणि समोर ती वृत्तांताच्या पानांवर श्वासाच्या खुणा करायची, जिथे थांबायचं तिथे उभी रेघ. गाण्यात श्वास चोरून घ्यायचा असतो, ती म्हणाली. वाचनात तो सगळ्यांदेखत घ्यावा लागतो, आणि तेच तिला जमत नव्हतं. वाक्य ती गाण्यासारखं एका दमात ओढायला जायची आणि शेवटी हवा उरायची. चिडायची. पान आपटायची. "हे काय माझं काम नाही." मग पुन्हा घ्यायची. चार वाजता आम्ही मालिका बघायचो, आणि मास्तरचं एखादं दृश्य फसलं तरी ती आता काही बोलायची नाही.

गुड फ्रायडेला गालातली गॅरेजं बंद होती. शटरांवर ऊन. मराठी लोकांना हॉल दुपारी मिळाला होता आणि तो इतका भरला की मी मागे, पाण्याच्या कूलरजवळ भिंतीला टेकून उभी राहिले. मला तसं बरंच वाटतं. पुढे तीन माईक होते. मधल्यापाशी मम्मी, पांढऱ्या साडीत. हातात पानं, आणि ती पानांकडे बघत होती.

तिने सुरुवात केली तेव्हा दोन-तीन डोकी वळली. लोकांना तिचा जुना आवाज माहीत होता. मग हळूहळू कुणी वळेनासं झालं. तो आवाज सुंदर नव्हता. बघून आलेल्या, खूप चालून आलेल्या माणसाचा होता. असा माणूस सांगतो तेव्हा कुणी मधे खोकत नाही. रेघेपाशी ती थांबायची, सगळ्यांदेखत श्वास घ्यायची, आणि पुढे जायची. क्रुसापाशी कोण कोण उभं होतं ते सांगताना मात्र आवाज गेला. ओठ हलले, माईकमधून फक्त हवा आली. इनास अंकलांनी तिच्याकडे पाहिलं. ती थांबली नाही, पुढचे शब्द आले, वाचन पूर्ण झालं.

नंतर बाहेर माणसं तिच्याभोवती जमली. छान झालं, फिलू, फार छान, असं सगळे म्हणत होते आणि ती मान हलवत होती. गाडीत बसल्यावर तिने पदराने कपाळ पुसलं आणि मागे वळून मला विचारलं, "तू कुठे होतीस?"

"कूलरजवळ."

"तिथे ऐकू आलं?"

"आलं."

"सगळं?"

छान म्हणणं सोपं होतं. सगळ्यांनी म्हटलंच होतं. डॅडी आरशातून माझ्याकडे बघत होते, हो म्हण असं.

"दोन शब्द नाही आले," मी म्हणाले.

"कुठले?"

"त्याची आई."

डॅडींनी किल्ली फिरवली होती, ती परत बंद केली. मम्मीने पुढे काचेतून समोरच्या बंद शटरांकडे पाहिलं, सगळ्यांदेखत घ्यायचा तो श्वास घेतला, आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हटलं. या वेळी सगळे शब्द आले.